लहान जहाजांची साक्ष

एखादा पोक्त वयाचा, चांगल्या व्यवसायांत असलेला, घरचें सर्व कांहीं यथास्थित असलेला गृहस्थ रोज रात्रीं दिव्याखालीं बसून नासपतीच्या लांकडाच्या काडीएवढ्या फळ्या तासतो, रेशमी धाग्याला मेण लावून त्याचे दोर वळतो, मोहरीएवढे तांब्याचे खिळे ठोकतो, आणि असा पांचसात वर्षें उद्योग केल्यावर त्याच्या हातून हात-दीड हात लांबीचें एक शिडाचें जहाज तयार होतें, ही हकीकत आपल्याकडे कोणास सांगितली तर तो प्रथम हंसेल आणि मग त्या गृहस्थाच्या घरच्या मंडळींची कींव करील. बुद्धिबळें, बागबगीचा, जुनीं नाणीं, पोस्टाचीं तिकिटें हे नाद आपल्या समाजानें क्षम्य मानिले आहेत. जहाजांच्या प्रतिकृति करण्याच्या नादाला मात्र आपल्या भाषेंत अजून धड नांवही नाहीं. ‘खेळणें’ ह्या एका शब्दांत त्याची बोळवण होते. युरोपांत व अमेरिकेंत ह्याच नादापायीं शस्त्रवैद्य, शिल्पज्ञ, निवृत्त दर्यावर्दी अशा लोकांनीं आपल्या आयुष्याचीं उत्तम वर्षें खर्च केलीं आहेत. तीं सत्कारणीं लागलीं कीं नाहीं, ह्याचा निवाडा करमणुकीच्या बाजूनें करूं नये, इतिहासाच्या बाजूनें करावा, असें आम्हांस वाटतें.

कारण मनुष्यानें निर्माण केलेल्या थोर वस्तूंत जहाजाइतकी अल्पायुषी वस्तु दुसरी नाहीं. किल्ला पडला तरी त्याचें जोतें राहतें, देऊळ फुटलें तरी खांब राहतात, राज्य बुडालें तरी एखादा ताम्रपट नांगराच्या फाळाला लागतो. लांकडी जहाज कांहीं वर्षें समुद्रावर राबलें कीं कुजूं लागतें. मग तें फोडून त्याच्या तुळया कोणाच्या तरी माडीला लागतात आणि उरलेलें चुलींत जातें. बुडालें तर समुद्रांतला किडा त्याचा भुगा करितो. स्वीडनचें ‘वासा’ जहाज १६२८ सालीं पहिल्याच सफरींत बुडालें आणि १९६१ सालीं जवळजवळ अख्खें वर निघालें, ही दैवाची विलक्षण कृपाच समजावयाची. नकाशे म्हणावे, तर युरोपांतही सतराव्या शतकापूर्वींचे अगदीं थोडे आहेत. राहतां राहिलीं वर्णनें आणि चित्रें. पण वर्णन करणाऱ्याला जें ठाऊक नाहीं तें गाळून पुढें जातां येतें, आणि चित्रकाराला तर अडचणीच्या जागीं तोफेचा धूर किंवा एखादी लाट घालण्याची नेहमींचीच सोय असते. प्रतिकृति करणाऱ्याला ती मुभा नाहीं. नाळेची फळी कण्याला कोठें मिळते, ह्याचें उत्तर त्याला शब्दांत नव्हे, लांकडांत द्यावें लागतें. आणि तें चुकलें तर पुढची फळी बसत नाहीं.

लहान नौका करण्याची हौस मोठ्या नौकांइतकीच जुनी असावी. इजिप्तमध्यें मेकेत्रे नांवाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यांत १९२० सालीं विनलॉक ह्या अमेरिकन संशोधकास एका बुजलेल्या खोलींत चोवीस लांकडी प्रतिकृति मिळाल्या. सुमारे चार हजार वर्षें अंधारांत राहूनही त्यांचा रंग ताजा होता. त्यांत गोठा आहे, भटारखाना आहे, विणकरांची खोली आहे, आणि निम्म्याच्या आसपास नौका आहेत. धन्याची नौका पुढें आणि स्वयंपाकाची होडी तिच्या मागें, असा थाटाचा प्रवास आहे. दोन वर्षांनीं उघडलेल्या तुतनखामेनच्या थडग्यांत अशा पस्तीस नौका निघाल्या. आपल्या इकडे गुजरातेंत लोथल येथील उत्खननांतही मातीची भाजलेली लहान नौका सांपडली आहे. तथापि इजिप्तमधील ह्या नौका मृतांच्या प्रवासासाठीं केलेल्या. त्यांना छंद म्हणणें अप्रशस्त होईल. शिवाय त्या करणाऱ्या कारागिराला नौकेची खूण पटवावयाची होती, तिची बांधणी समजावून सांगावयाची नव्हती.

बांधणी समजावून सांगणारी पहिली मोठी साक्ष आहे ती एका नवसाची. समुद्रावर तुफान झालें, जीव वाचला, तर आपल्या जहाजाची लहान प्रतिकृति करून देवळांत टांगावयाची, अशी चाल युरोपच्या किनाऱ्यावर कित्येक शतकें होती. आपल्याकडे नवस फेडतांना चांदीचे डोळे किंवा पाळणा वाहतात, तशांतलाच हा प्रकार. स्पेनच्या कातालोनिया प्रांतांत मातारो गांवाजवळील एका लहान देवालयांत असेंच एक जहाज होतें. लांबी सुमारे चार फूट. काळ पंधराव्या शतकाचा पूर्वार्ध. करणाऱ्याचें नांव कोणास ठाऊक नाहीं. पण तो जहाजें बांधणारा किंवा बांधतांना रोज पाहणारा असला पाहिजे. तक्त्याखालच्या तुळयांचीं टोकें बाजूच्या फळ्या भेदून बाहेर आलेलीं त्यानें दाखविलीं आहेत. हौशी भक्ताला हें सुचलें नसतें. आज हें जहाज रॉटरडॅमच्या सागरी संग्रहालयांत आहे. कोलंबसच्या ‘सांता मारिया’ची एक रेघही उपलब्ध नाहीं, म्हणून त्या जहाजाची कल्पना करूं पाहणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला ह्या मातारोच्या नवसापाशीं यावें लागतें. त्या अज्ञात खलाशाला आपण देवाचें देणें देत आहोंत एवढेंच वाटलें असेल.

इंग्लंडांत हा प्रकार देवळांतून गोदींत आणि गोदींतून दरबारांत गेला. फिनियस पेट नांवाच्या जहाज बांधणाऱ्यानें १६०७ सालीं एक सुबक प्रतिकृति केली आणि ती राजा पहिला जेम्स ह्याच्या पुढें ठेविली. राजा इतका खूष झाला कीं तसेंच मोठें जहाज बांधण्याची आज्ञा मिळाली. तेंच ‘प्रिन्स रॉयल’. पेटचे हितशत्रु थोडे नव्हते. जहाज अर्धवट असतांनाच त्याच्या लायकीविषयीं चौकशी झाली आणि तींत खुद्द राजा न्यायाधीश होऊन बसला. पेट सुटला. परंतु १६१० सालीं जहाज पाण्यांत सोडावयाच्या दिवशीं, सर्व दरबार जमलेला असतां, गोदीचें दार अरुंद पडलें आणि जहाज आंतच अडकून राहिलें! प्रतिकृतीला दार लागत नाहीं, हें पेट विसरला होता.

ह्यानंतर सतराव्या शतकाच्या मध्यापासून सुमारें शंभर वर्षें इंग्लंडच्या आरमारी मंडळाशीं निगडित अशा ज्या प्रतिकृति झाल्या, त्यांच्या तोडीचें काम नंतरही फार थोड्यांच्या हातून झालें असेल. त्यांचें प्रमाण बहुधा ठरलेलें: प्रत्यक्षांतील एका फुटाला पाव इंच, म्हणजे अठ्ठेचाळिसावा हिस्सा. लांकूड नासपतीचें किंवा तत्सम बारीक रेषेचें. मागच्या बाजूचें नक्षीकाम असें कीं तें भिंगाखालीं पाहावें. आणि सर्वांत लक्षांत राहणारी गोष्ट अशी कीं, पाण्याखालच्या भागावर फळ्या मारलेल्याच नाहींत. फासळ्या उघड्या ठेविल्या आहेत. त्यामुळें जहाज पाहणाऱ्याला आंतून बाहेरून एकाच वेळीं दिसतें. एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. ह्या उघड्या फासळ्यांची मांडणी प्रत्यक्ष जहाजांतल्या फासळ्यांसारखी नसे. ती कारागिरांनीं आपसांत ठरविलेली एक सुंदर पद्धत होती. पूर्वींच्या अभ्यासकांनीं तीवर भिस्त ठेवून जहाजबांधणीविषयीं कांहीं चुकीचीं अनुमानें केलीं. साक्षीदार खरा असला तरी त्याची बोली समजून घ्यावी लागते, तसेंच हें.

ह्या प्रतिकृतींचा सर्वांत प्रसिद्ध रसिक सॅम्युएल पीप्स. रोजनिशीमुळें त्याचें नांव आपल्याकडील विद्यार्थ्यांनाही परिचित आहे. परंतु त्या रोजनिशींतला आम्हांस सर्वांत आवडणारा भाग लंडनच्या आगीचा किंवा प्लेगचा नाहीं. शिंप्याचा हा मुलगा वशिल्यानें आरमारी कचेरींत मोठ्या हुद्द्यावर चढला, तेव्हां त्याला जहाजाचें कांहींएक कळत नव्हतें. १६६२ सालच्या उन्हाळ्यांत, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षीं, त्यानें कूपर नांवाच्या एका दर्यावर्द्याची शिकवणी धरिली. पहांटे चार वाजतां उठून हा अधिकारी पाढे घोकीत असे. केंब्रिजचा पदवीधर, पण पाढे येत नव्हते! हिशेब जमूं लागल्यावर कूपर त्याला जहाजाचे अवयव शिकवूं लागला, आणि त्यासाठीं कचेरींत असलेली एक प्रतिकृति त्यांनीं मध्यें ठेविली. पुढें पीप्सनें लांकडाचें माप घेण्याची विद्या हस्तगत केली आणि ठेकेदार सरकारला कसे नाडतात तें त्याच्या ध्यानांत आलें. इंग्लंडच्या आरमाराची घडी ज्या थोड्या माणसांनीं बसविली त्यांत पीप्सची गणना होते. त्याचा ओनामा एका लहान जहाजावर बोट ठेवून झाला, ही गोष्ट शिक्षकाचा पेशा करणाऱ्या आमच्यासारख्यांनीं विसरतां कामा नये. मरतांना त्यानें आपल्या प्रतिकृति मित्र ह्यूअर ह्याच्या स्वाधीन केल्या. त्यांचा आज मागमूस नाहीं. पीप्सच्याच जागीं पुढें आलेल्या चार्ल्स सर्जिसनचा संग्रह मात्र कुटुंबाच्या खेड्यांतील वाड्यांत दोनशें वर्षें राहिला, विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत रॉजर्स नांवाच्या अमेरिकन धनिकानें तो विकत घेतला आणि १९३५ सालीं त्याच्या मृत्युपत्रान्वयें अनापोलिस येथील आरमारी विद्यालयास मिळाला. त्यांतील कांहीं जहाजें आपल्या मूळच्या कांचेच्या कपाटांतच उभीं आहेत.

दरबारी कारागिरांस लांकूड, पगार आणि उजेड ह्यांची वाण नव्हती. आतां ज्यांना तिन्हींची वाण होती त्यांच्याकडे वळूं. १७९३ पासून १८१५ पर्यंत इंग्लंड व फ्रान्स ह्यांच्यांत जवळजवळ अखंड युद्ध चाललें. पकडलेल्या फ्रेंच खलाशांना ठेवावयाला इंग्लंडांत जागा पुरेना, तेव्हां पीटरबरो शहराजवळ नॉर्मन क्रॉस येथें १७९७ सालीं खास युद्धकैद्यांसाठीं लांकडी बराकींची एक छावणीच उघडली. हजारों कैदी, कित्येक वर्षें, सुटकेची तारीख नाहीं. १८१४ सालीं ती छावणी मोडली, तोंपर्यंत सतराशेंहून अधिक कैदी तेथेंच मातीआड झाले होते. ह्या माणसांनीं रोजच्या रश्श्यांतलीं हाडें जमविलीं. तीं उकळून, घासून, पांढरीं शुभ्र करून त्यांच्या पातळ पट्ट्या काढल्या. लांकडाच्या ओंडक्याला जहाजाचा आकार देऊन त्यावर त्या पट्ट्या पितळेच्या बारीक खिळ्यांनीं जडविल्या. आणि दोरांसाठीं माणसांचे व घोड्यांचे केंस वळले. कित्येक जहाजांत तर मागें एक दोरी ठेविलेली असे: ती ओढली कीं सगळ्या तोफा एकदम आंत जात, सोडली कीं बाहेर येत. छावणीच्या दाराशीं बाजार भरे, तेथें आसपासचे इंग्रज लोक हीं जहाजें विकत घेत. गवताच्या विणीच्या टोप्यांना लागणाऱ्या वेण्याही कैदी करीत. पण त्यामुळें गांवच्या गरिबांचा धंदा बुडतो, म्हणून सरकारनें त्याला बंदी घातली. जहाजांवर बंदी घालण्याचें कारण पडलें नाहीं. त्या धंद्यांत कैद्यांशीं बरोबरी करणारा गांवांत कोणी नव्हता.

हीं हाडांचीं जहाजें आम्हांस अतिशय प्रिय आहेत, म्हणूनच सांगितलें पाहिजे कीं तीं खरें बोलत नाहींत. कैद्यांजवळ नकाशे नव्हते, मापें नव्हतीं, आठवण होती. आठवणींत डोलकाठी नेहमीं उंच होते, तोफा वाढतात, पुढचा भाग अधिक डौलदार होतो. शिवाय गिऱ्हाईक इंग्रज. तेव्हां फ्रेंच खलाशानें आपल्या आठवणींतलें फ्रेंच जहाज करावें आणि त्यावर इंग्रजी विजयी जहाजाचें नांव कोरावें, असेंही होई. शत्रूच्या आरमाराचा गौरव आपल्या हातांनीं हाडांत कोरून त्याच्या पैशांनीं भाकरी घ्यावयाची! त्या जहाजांवरून जहाजबांधणी शिकूं जाणारा फसेल. परंतु समुद्रापासून कित्येक कोस दूर, चिखलाच्या अंगणांत, खलाशाच्या मनांत जहाज कसें उभें राहतें हें ज्याला पाहावयाचें आहे, त्याला ह्याहून अस्सल पुरावा मिळणार नाहीं.

गोदीवाल्यांनीं काय आणि कैद्यांनीं काय, आपआपलींच जहाजें केलीं. दुसऱ्यांचीं, किंबहुना ज्यांना युरोपांत कोणी जहाजें म्हणावयासही तयार नव्हते अशा नौकांचीं मापें घेण्यांत ज्यानें जन्म घालविला, तो फ्रेंच आरमारांतील अधिकारी फ्रांस्वा-एदमों पारीस. जन्म १८०६. विसाव्या वर्षीं तो ‘आस्त्रोलाब’ जहाजावर पृथ्वीप्रदक्षिणेला निघाला. पुढें आणखी दोन प्रदक्षिणा झाल्या, शेवटची १८४० सालीं संपली. बंदर लागलें कीं इतर अधिकारी मेजवान्यांना जात आणि हा मोजपट्टी घेऊन वाळूवर ओढलेल्या होड्यांखालीं शिरे. मलायी, चिनी, अरबी, हिंदी, पॅसिफिकमधील बेटांवरच्या. होडी कोणाची हें तो पाहत नसे, ती कशी जोडली आहे तें पाहत असे. तिसऱ्या सफरींत एका कारखान्यांतील यंत्राच्या चाकांत सांपडून त्याचा डावा हात गेला. रेखाटणारा उजवा हात वांचला, आणि १८४१ पासून युरोपबाहेरील लोकांच्या जहाजबांधणीवरील त्याचा शंभरांहून अधिक पटांचा मोठा ग्रंथ बाहेर पडूं लागला.

ह्या माणसाच्या स्वभावांतली एक विसंगति आम्हांस फार मोलाची वाटते. तो शिडांच्या जमान्याचा हळहळ्या भक्त नव्हता. वाफेच्या जहाजांवर त्यानें अधिकार गाजविला, वाफेच्या यंत्रांवर पुस्तकें लिहिलीं, तो त्या विषयांतला जाणता मानला जाई. शिडांना मारणारें यंत्र काय आहे हें ज्याला नेमकें कळत होतें, त्यालाच शिडांची नोंद ठेवण्याची घाई झाली. १८७१ सालीं, आरमारांतून मोकळा झाल्यावर, लूव्र राजवाड्यांतील सागरी संग्रहालयाचा तो प्रमुख झाला आणि १८९३ सालीं मृत्यु येईपर्यंत त्या जागीं राहिला. आपल्या तरुणपणच्या रेखाटनांवरून त्यानें जगभरच्या नौकांच्या प्रतिकृति तेथें करवून घेतल्या. ज्यांनीं त्या नौका कधीं पाहिल्या नव्हत्या अशा पॅरिसच्या सुतारांनीं, पन्नास वर्षांपूर्वींच्या मापांवरून! त्यांतल्या कित्येक नौका आज ज्यांच्या त्यांच्या किनाऱ्यावर उरलेल्या नाहींत. तो संग्रहालयाचा पसारा १९४३ सालीं लूव्रमधून हालवून पॅरिसमध्येंच पाले द शायो येथें नेण्यांत आला.

ह्यापुढें छंद म्हणून जें आपण ओळखतों तें आलें. शिडांचीं जहाजें समुद्रावरून नाहींशीं होऊं लागलीं तशीं तीं मेजांवर दिसूं लागलीं. इंग्लंडांत १९१० सालीं सागरी संशोधनाचें मंडळ निघालें. नेल्सनच्या ‘व्हिक्टरी’ जहाजाची १९२२ सालापासून जी डागडुजी झाली तिला ह्या मंडळानेंच हातभार लाविला. ‘मेफ्लॉवर’ जहाजाचा नकाशा किंवा चित्र कांहींच उपलब्ध नसतां, मंडळाचे आर. सी. अँडर्सन ह्यांनीं त्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत समकालीन जहाजांच्या मापांवरून त्याची प्रतिकृति सिद्ध केली. लाँग्रिज नांवाच्या शस्त्रवैद्यानें ‘व्हिक्टरी’ची अठ्ठेचाळिसाव्या हिश्शाची प्रतिकृति करितां करितां जें शोधून काढलें, तें १९५५ सालीं नेल्सनकालीन जहाजांच्या शरीररचनेवरील ग्रंथ म्हणून प्रसिद्ध झालें, शीर्षकांत वैद्यकांतला तो शब्द आला हें योग्यच झालें. पेशानें शिल्पज्ञ असलेल्या झाँ बुद्रियो ह्या फ्रेंच गृहस्थाचे ७४ तोफांच्या जहाजावरील चार खंड १९७३ ते १९७७ ह्या काळांत निघाले. ते प्रतिकृति करणारांसाठीं लिहिले गेले, आणि आज विद्यापीठांतले अध्यापकही ते उघडल्यावांचून त्या विषयावर तोंड उघडीत नाहींत. अलीकडे यंत्रानें कापलेले तुकडे पेटींत घालून विकतात, ते चिकटविले कीं जहाज झालें. त्याला आमची हरकत नाहीं. पण त्यांत प्रश्न दुसऱ्यानें सोडविलेले असतात.

आतां आपल्या किनाऱ्याकडे येऊं. येथें आमचाच एक फजितीचा अनुभव सांगावा लागतो. पारीसनें ज्या हिंदी नौकांचीं मापें घेतलीं त्यांत आपली पतेमारी आहे. रत्नागिरीच्या किंवा मालवणच्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यांत जी सहज येते तीच ही. पाऊणशें फुटांच्या पतेमारीची दीड फुटाच्या आसपास प्रतिकृति करावी, असें मनांत आणून एका जुन्या आराखड्यावरून आम्हीं सागाचा कणा तासला. आमचा हात सुतारकामाला सरावलेला नाहीं. तयार झालेला कणा मेजावर ठेविला, तों दोन्ही टोकें टेकलेलीं आणि मधोमध एक पेन्सिल सरकेल एवढी फट! आपलें तासणें चुकलें असें समजून आम्हीं तो घासून सपाट केला. मग फासळ्या बसेनात. दुसरा कणा केला, पुन्हा तीच फट, पुन्हा घासणी. तिसऱ्या खेपेस आराखडा नीट पाहिला तेव्हां उमगलें कीं पतेमारीचा कणा मुळांतच मध्यें वर उचललेला असतो. आराखड्यानें तें पहिल्या दिवसापासून सांगितलें होतें. ‘मध्यें उचललेला कणा’ हे शब्द आम्हीं पूर्वीं वाचले नव्हते काय? दोनतीन पुस्तकांत वाचले होते. विद्यार्थ्यांना सांगितलेही होते. कळले मात्र सागाचे दोन तुकडे वायां गेल्यावर.

आमच्याकडील कारागिरांनीं प्रतिकृति कां केल्या नाहींत, असें कोणी विचारील. त्यांना गरज नव्हती. पश्चिम किनाऱ्यावरील सुतार कागदावर रेघ न मारतां जहाज उभें करी; प्रमाणें त्याच्या डोळ्यांत, वळण त्याच्या हातांत. फळ्यांच्या कडांना खांच पाडून, मध्यें कापूस व राळ भरून त्या एकमेकींत अशा बसवीत कीं पाण्याची धार आंत येऊं नये. ‘वढेरा’ म्हणून प्रसिद्ध असलेलें हें काम पाहून युरोपियन प्रवासी चकित होत. मुंबईच्या गोदींत वाडिया घराण्यानें इंग्रजी नकाशांवरून जीं जहाजें बांधलीं, त्यांतील सागवानी ‘त्रिंकोमाली’ १८१७ सालीं पाण्यांत उतरलें आणि आजही इंग्लंडांत हार्टलपूल येथें तरंगत आहे. त्याच्या नकाशांची पहिली प्रत घेऊन येणारें जहाज १८१२ च्या अखेरीस अमेरिकनांनीं ब्राझीलजवळ पकडून जाळलें. पण नकाशाची दुसरी प्रत लंडनमध्यें होती. ती आली आणि काम सुरू झालें. हाताच्या विद्येला दुसरी प्रत नसते. मुलगा बापाशेजारीं उभा राहिला तर ती टिकते. तो मुंबईच्या गिरणींत गेला कीं संपते.

गुराबेचें असेंच झालें. शिवछत्रपतींपासून कान्होजी आंग्र्यांपर्यंत मराठी आरमाराचा कणा म्हणजे गुराब. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. जहाजें फार थोर नकोत, फार लहान नकोत, मध्यम असावीं. पांच गुराबा व पंधरा गलबतें मिळून एक सुभा. लांकूड तोडावयाचें तें कोणतें आणि रयतेच्या आंब्याफणसाला हात कां लावूं नये, हें सर्व त्यांत बारकाईनें आहे. गुराब कशी बांधावी हें नाहीं, कारण बांधणाऱ्याला तें सांगावें लागत नव्हतें. रॉबर्ट ऑर्म ह्या इंग्रज इतिहासकारानें थोडें अधिक लिहून ठेविलें आहे: दोन डोलकाठ्यांची गुराब दीडशें टनांच्या आंतबाहेर, तिहींची तीनशेंच्या सुमाराची, लांबीच्या मानानें फार रुंद, पाण्यांत उथळ, पुढें नेहमींच्या जहाजासारखा गोल भाग नसून भूमध्य समुद्रांतील गॅलीसारखी पुढें आलेली चोंच, आणि तिच्यामागें आडव्या भिंतींतून रोखलेल्या दोन तोफा. फेब्रुवारी १७५६ मध्यें इंग्रजांनीं, पेशव्यांशीं संगनमत करून, विजयदुर्गावर हल्ला केला तेव्हां एक गोळा तुळाजी आंग्र्यांच्या आरमारांत पडला, एक जहाज पेटलें, आणि एकमेकांना बांधून ठेविलेल्या जहाजांची रांगच्या रांग जळून गेली. त्या प्रसंगाचें डॉमिनिक सेरेसनें काढलेलें मोठें चित्र आहे. तें पंधरा वर्षांनंतर लंडनमध्यें काढलें, आणि त्यांत धूर पुष्कळ आहे.

तरीही गुराबेची प्रतिकृति करावी, असें आम्ही म्हणतों. अँडर्सननीं ‘मेफ्लॉवर’ची केली ती ह्याहून फार अधिक पुराव्यावर नव्हे. ऑर्मची रुंदी घ्यावी, फळ्यांची जोडणी वढेऱ्याची घ्यावी, शिडांचें वळण पारीसच्या पटांतून घ्यावें. किनाऱ्यावर ज्यांनीं अजून लांकडी मचवे बांधले आहेत अशा वृद्ध सुतारांना शेजारीं बसवून विचारावें. मात्र करणारानें एक पथ्य पाळावें. पीप्सच्या काळच्या कारागिरांनीं पाण्याखालच्या फळ्या मारल्या नाहींत, त्याप्रमाणें जेथें पुरावा संपतो तेथें त्यानें फळी मारूं नये. नुसती उघडी फासळी ठेवावी. अशा गुराबेचा मधला भाग बराचसा झांकला जाईल, मागची बाजू थोडीफार. पुढें, जेथें ती चोंच तोफांच्या भिंतीला मिळत होती, तेथें पुष्कळ वर्षें उघडेंच राहील.